काचेपलीकडचा शब्द

३ मार्च

भोंगासाहेब,

'प्रिय' लिहून पाहिलं आणि खोडलं. भोंगा म्हटलं की तू चिडतोस, आणि चिडलेला माणूस निदान पुढचं वाचतो.

सिनेमा लागला. तुझा आवाज शहरभर घुमतोय आणि तू दादांच्या घरी जाऊन बसला आहेस. 'दादाकडे जातोय, काही दिवस राहीन' एवढी चिठ्ठी फ्रिजवर चिकटवून. तीही माझ्याच संवादांच्या कागदाच्या पाठीवर. मी ती काढलेली नाही. राग जिरेपर्यंत काढणारही नाही.

लोकांचं म्हणशील तर सरळ दोन तट पडलेत. एक तट म्हणतो असा सिनेमा झाला नाही, दुसरा म्हणतो तिकिटाचे पैसे परत द्या. तीन तास एक बाई, एक घर आणि अवकाशातून येणारा नवऱ्याचा आवाज. तो यानात बसून कुठल्याशा ताऱ्याकडे निघालाय. तिकडे त्याची एक सकाळ जाते तेवढ्यात इकडे तिची वर्षं उलटतात. तो 'आत्ताच उठलो' म्हणून सांगतो आणि ते तिच्यापर्यंत पोचतं तेव्हा तिचे केस पिकलेले असतात. डबिंग करताना तूच म्हणाला होतास, "यापेक्षा आपल्या नळाला पाणी लवकर येतं." अर्धं थिएटर तेच म्हणतंय. उरलेलं अर्धं रुमाल शोधतंय.

पण खरी जुंपलीय ती शेवटच्या शब्दावरून. तिला आलेला त्याचा शेवटचा निरोप, एकच शब्द. मूळ भाषेत तो शब्द पुन्हा कधीच भेटायचं नसेल तेव्हा म्हणतात. मी आपल्या भाषेत लिहिलं, 'येतो'. आता बाहेर पडणारे पायऱ्यांवर उभे राहून भांडतात. एक म्हणतो, तो परत येतोय, स्वतः सांगितलंय त्याने. दुसरा म्हणतो, अरे बाबा, तो निरोप घेतोय, निघताना 'येतो'च म्हणतात. परवा एक जोडपं असं भांडलं की बाई रिक्षाने गेली आणि बुवा बसने.

हे भांडण आधी आपल्या दोघांत झालंय, हे त्यांना कुठे माहीत.

तू म्हणालास, "हा परत येणार नाहीये, मास्तरीणबाई. मग 'येतो' कसा म्हणेल? 'जातो' लिही."

मी म्हटलं, "घरातून निघताना 'जातो' म्हणतं का कुणी? सुळावर चढायला निघालेला माणूससुद्धा 'येतो'च म्हणतो."

मग तू माइकसमोर उभा राहिलास आणि तोंड उघडलंस, मिटलंस, पुन्हा उघडलंस. काही म्हणेनास. मी आत बोलायचं बटण दाबून म्हटलं, नाटकं पुरे. तू हेडफोन काढलास, काचेतून माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटलास आणि पिशवी उचलून निघून गेलास. बटण मी सोडलं होतं, त्यामुळे आतलं मला ऐकू आलं नाही. शिवीच असणार. मी काही केलं नाही, समोरचा कागद बघत बसले.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिस्टकाकांचा फोन आला, "टेक मिळालाय, झकास दिलाय." म्हणजे मागाहून परत येऊन शेवटी तू माझंच वाक्य म्हटलंस. मी जिंकले होते, आणि घरात आदल्या संध्याकाळपासून तू नव्हतास, फ्रिजवर नुसती चिठ्ठी. पहिल्या खेळाला गेले तेव्हा शेवटचा शब्द यायच्या आधीच उठून बाहेर आले. जिंकलेलं ऐकायची हौस राहिली नव्हती.

राग गेला असेल तर कळव. नसेल गेला तरी कळव.

९ मार्च

तुझं उत्तर नाही. दादांच्या घरी पेन नसेल.

आज काकांनी स्टुडिओत बोलावून घेतलं. मूळ सिनेमावाल्यांनी वितरकाला खडसावलंय की तुमच्याकडे शेवट कुणी बदलला. वितरकाने सगळं माझ्यावर ढकललंय, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. शब्द माझाच आहे. मी काकांना तसं म्हटलं, तर काका हातातला कप फिरवत बसले. मग म्हणाले, "शब्द तुझा, पण त्याने तो टेकमधे दिलेला नाही गं."

मला कळेना.

"टेकला तो गप्पच होता. तू बटण सोडलंस, पण माइक चालूच होता. निघताना तो काचेतून तुला काहीतरी म्हणाला ना? रात्री मी सगळं पुन्हा ऐकत होतो, तर तिथे हा शब्द. 'येतो.' इतका मऊ की अंगावर काटा आला. मला वाटलं, देवच पावला. उचलला आणि लावला."

काका साधे आहेत. त्यांचा मुलगा परदेशी गेल्यापासून त्यांना कुणाचाही आवाज मऊच लागतो. त्यांनी वाईट काही केलेलं नाही. पण तू विचार कर. गावातले लोक ज्या शब्दावरून एकमेकांची गचांडी धरतायत, तो तू मला म्हणाला होतास. माझ्या नवऱ्याने माझा घेतलेला निरोप तिकीट काढून सगळ्यांनी ऐकलाय, आणि मी तेवढी राहिलेय.

म्हणजे ती शिवी नव्हती. मग काय होतं? 'येतो' म्हणजे येतोस, की 'येतो' म्हणजे गेलास? मीच लिहिलेला शब्द आहे आणि मलाच अर्थ विचारत फिरावं लागतंय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

एवढं एकच सांग. मग मी पुन्हा लिहिणार नाही.

१४ मार्च

हे तुला सांगू की नको, ठरत नव्हतं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर मला झोपेच्या गोळ्या देतील.

त्या जुन्या थिएटरचा दारवान आठवतो ना, आपल्याला नेहमी कोपऱ्यातल्या खुर्च्या द्यायचा तो? परवा भाजी घेताना भेटला. म्हणाला, "बाई, तुमच्या सिनेमाचं काहीतरी करा. लोक उठत नाहीत."

मला वाटलं, सिनेमा आवडला म्हणून बसत असतील. तो मान हलवत राहिला. "ज्यांना वाटतं तो गेला, ते उठून जातात. ज्यांना वाटतं तो येतोय, ते बसून राहतात. दिवे लावले, पडदा पाडला, पंखे बंद केले, तरी बसून. आधी चारदोन होते. आता पुढच्या खेळाच्या लोकांना उभं राहावं लागतं."

काल दुपारी गेले. चारचौघांत तो शब्द ऐकायचा धीर झाला नाही, म्हणून आत न जाता बाहेरच्या बाकावर बसले. दार जाड आहे, आतलं काही ऐकू येत नाही. खेळ सुटला, उठणारे बाहेर आले आणि नेहमीसारखे भांडत पायऱ्या उतरले. मग दारवानाने मला आत नेलं.

दिवे लागलेले होते. खुर्च्यांवर माणसं बसली होती, ओळीने नाही, विखुरलेली. प्रत्येकाच्या शेजारची एक खुर्ची मोकळी. कुणी पडद्याकडे बघत नव्हतं, सगळ्यांच्या माना बाहेर जायच्या दाराकडे वळलेल्या. त्याच दारातून मी आत आले होते. क्षणभर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. मग ज्याची वाट बघतायत ते माणूस मी नव्हे हे त्यांना कळलं आणि त्यांनी नजर काढून घेतली. रडत कुणीच नव्हतं. दवाखान्यात नंबर यायची वाट बघतात तशी सगळी शांत बसलेली.

जवळच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ होते, शेजारच्या खुर्चीवर टोपी ठेवून जागा धरलेली. मी विचारलं, "आजोबा, काय ऐकलंत हो शेवटी?"

"येते म्हणाली," आजोबा म्हणाले.

मी म्हटलं, "येतो. पुरुषाचा आवाज आहे तो."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाई, बायकोचा आवाज मला कळत नाही होय? आवरून येते, तुम्ही व्हा पुढे, असंच म्हणायची ती नेहमी."

पलीकडच्या बाईंनी 'येतो हं आई' ऐकलं होतं, हं आणि आईसकट. कोपऱ्यातल्या मुलीने नुसतं 'आलोच'. एका शब्दाचं हे काय झालंय? मी दारवानाला खुणेने विचारलं, तुझं काय. तो म्हणाला, "मी ऐकत नाही. त्या वेळेला मी मुद्दाम गेटवर जाऊन उभा राहतो. एकदा ऐकलं होतं. मग उठायला फार जड गेलं."

तुझ्या आवाजाने भोंग्यासारखं जागं करावं, तर तू माणसं बसवून ठेवलीस. मला भीती वाटते, खरंच सांगते. आणि भीतीपेक्षा जास्त मत्सर वाटतो. त्या प्रत्येकाला त्याचं त्याचं उत्तर मिळालंय.

१७ मार्च

जाऊबाईंचा फोन आला. दादांना न सांगता केला म्हणाल्या.

आता मला कळलं.

घशातली गाठ तुला महिनाभर आधीपासून माहीत होती. सर्दी म्हणत होतास, आणि मी तुला काढे पाजत होते आणि वर ओरडत होते की घसा खाकरू नकोस, टेक बिघडतो. जाऊबाई म्हणाल्या, "ऑपरेशन चांगलं झालं, जिवाला धोका नाही आता. पण भाऊजी यापुढे बोलणार नाहीत." मी मूर्खासारखं विचारलं, किती दिवस? त्या रडायला लागल्या.

तू गप्प बसून मला शिक्षा करतोयस असं समजून मी तुला हे सगळं लिहीत होते. दादांच्या घरी पेन नसेल म्हणाले. मला माझा हात तोडून टाकावासा वाटतोय.

मी लगेच निघणार होते, पिशवी भरली होती. तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "थांब गं. भाऊजींनी पाटीवर लिहून दाखवलं, तिला बोलावू नका. मी कारण विचारलं तर पाटी पुसली." भरलेली पिशवी अजून दाराशी आहे. येऊ की नको? तू नको म्हटलेलं मी मोडून आले आणि तू तोंड फिरवलंस, तर मला ते सोसणार नाही.

म्हणून त्या एका शब्दावर सगळं आलंय. तो तू मला म्हणालास, आणि तोंडाने म्हटलेला तो शेवटचा. तो 'परत येतो' असेल तर मी येते, पाटीवर काहीही लिही. तो 'संपलं' असेल तर येत नाही. मला तो ऐकायलाच हवा.

आज काकांनी कळवलं, वितरकाने नवा माणूस आणून 'जातो' म्हणवून घेतलंय. शुक्रवारपासून तोच लागणार. तुझा शब्द पुसायच्या आधी काकांनी मला बोलावलंय.

२१ मार्च

ऐकून आले. कसं लिहू ते कळत नाही, पण झालं तसं लिहिते.

काकांनी मला माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसवलं, हेडफोन दिले, खोलीचं दार लावलं. समोर काचेमागे माइक, तू उभा राहायचास ती चौकोनी सतरंजी. मी डोळे मिटले.

तुझा श्वास आला. खाली वाकून पिशवी उचललीस तो आवाज आला. तुझे बूट वाजले. मग काही नाही. मग दार.

मी डोळे उघडले तर काका डोळे पुसत होते. "ऐकलंस?"

मी म्हटलं, पुन्हा लावा. त्यांनी लावलं. श्वास, पिशवी, बूट, काही नाही, दार. तीनचारदा लावलं. दर वेळी त्याच जागी काकांचा चेहरा हलायचा आणि माझ्या कानात नुसती खोलीची शांतता.

मग मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं. आवाज असतो तिथे पडद्यावर रेघ उठते, हे मीसुद्धा इतक्या वर्षांत शिकलेय. बुटांना उठली होती, दाराला उठली होती. काकांनी बोट ठेवलं, "हा बघ, इथे आहे." त्यांच्या बोटाखाली रेघ सपाट होती. आखून काढल्यासारखी सरळ. त्यांना तीत डोंगर दिसत होता.

मी "हो, ऐकलं" म्हटलं आणि बाहेर आले.

सगळ्या गावाला तू काहीतरी सांगितलंस. मला नाही. हे वाचून हस, चीड, पाटीवर लिही, पण मला उत्तर दे. मी पिशवीजवळ बसून आहे.

२६ मार्च

मास्तरीणबाई,

तुझी सगळी पत्रं मिळाली. मला लिहायचा कंटाळा हे तुला ठाऊक आहे. आता बोलणं बंद, तेव्हा लिहिणं आलं.

तुला ऐकू आलं नाही कारण तिथे काही नाही. मी बोललोच नाही.

त्या दिवशी सकाळपासून आवाज तुटत होता. शेवटच्या वाक्याला तो गेला तो गेलाच. मी हट्ट करत नव्हतो. तोंड उघडत होतो आणि आतून काही येत नव्हतं. तू म्हणालीस नाटकं पुरे. तुझी चूक नाही, बाहेरून तसंच दिसलं असणार.

डॉक्टरने त्याच दुपारी बोलावलं होतं. तुला सकाळी सांगणार होतो, तू म्हणालीस आधी शेवटचं पान उरकू. एकट्याने जायची मला भीती वाटत होती. म्हणून काचेतून तुला म्हटलं, नुसत्या ओठांनी. येतो नाही आणि जातोही नाही. 'चल' म्हटलं.

तू मान वर केलीस, माझ्याकडे नीट पाहिलंस आणि नाही म्हणून मान हलवलीस. मग पुन्हा कागदात बघायला लागलीस.

लोकांना काय ऐकू येतं ते मला माहीत नाही. तुझं नाही मला स्पष्ट दिसलं. म्हणून बोलावू नका म्हटलं. एकदा विचारून झालं होतं.

२९ मार्च

हो, हलवली होती. पहिल्या पत्रात मी लिहिलं की काही केलं नाही, ते खोटं होतं. मान हलवली हे मला तेव्हाही आठवत होतं. मला वाटलं, तू अजून 'जातो'वरच अडून बसलायस आणि काचेतून तेच म्हणतोयस. मी तुला नाही म्हटलं नव्हतं रे. मी त्या शब्दाला नाही म्हटलं होतं. संसार करताना कुणी व्याकरण तपासतं का, पण मी तपासलं. माझा नवरा भ्यालेला होता, मला बरोबर बोलावत होता, आणि मी त्याचा शब्द दुरुस्त केला. याचं मला किती वाईट वाटतंय ते लिहायला माझ्याकडे शब्द नाही, आणि शब्दांवर माझं पोट आहे.

इकडचं सांगून टाकते. तुझं पत्र मी काकांना वाचून दाखवलं. तुझा शब्द पुसायला त्यांचा हात धजावला नव्हता, त्यांनी तो लपवून ठेवलाय. माझ्यासमोर पुन्हा लावला, डोळे मिटून ऐकला आणि हळूच म्हणाले, "आहे गं पोरी. त्याला आठवत नसेल, पण आहे." मी वाद घातला नाही.

शुक्रवारपासून थिएटरात नव्या माणसाचा 'जातो' लागलाय, खणखणीत. मी काल गेले होते. बसणारे कमी झाले नाहीत, वाढलेत. आजोबांनी मला लांबूनच ओळखलं आणि सांगितलं, आज तिचा आवाज जवळून आला. गेटवर कुणी नव्हतं. दारवानाला शोधलं तर तो शेवटच्या ओळीत बसलेला सापडला, हात मांडीवर, शेजारची खुर्ची मोकळी ठेवून. माझी हाक त्याला ऐकू गेली नाही. मी कुणालाच काही सांगितलं नाही. तिथे काही नाही म्हणून सांगायचा अधिकार मला कुणी दिलाय? मी दार ओढून घेतलं आणि जरा भरभरच पायऱ्या उतरले, कारण त्या मोकळ्या खुर्च्यांकडे जास्त वेळ बघवत नव्हतं.

घरी येऊन फ्रिजवरची चिठ्ठी काढली. पिशवी उचलली. टपालावर माझा भरवसा नाही, म्हणून हे पत्र मी स्वतःच घेऊन येतेय आणि जाऊबाईंच्या हाती आत पाठवतेय. तोंडाने सांगायला गेले तर मी पुन्हा काहीतरी चुकीचं बोलेन.

तू खिडकीपाशी बसून वाचत असशील. वाचून झालं असेल तर मान वर कर, मी दारात उभी आहे. आणि पुन्हा एकदा विचार.